व्हाइस सिटीत रेडिओ असतो हे तुम्हाला कधी कळलं? (अनुभव धागा)

वऱ्हाडी ठसका (धागाकर्ता)

दिवाळीची सफाई, माळा, आणि माळ्यावर सापडलेलं कॉम्प्युटर गेमच्या सीडींचं पाऊच. चाळीस कप्पे, चेन तुटलेली, प्रत्येक कप्प्यात माझ्या शाळकरी अक्षरातली चिठ्ठी. 'आयजीआय + रोड रॅश'. 'एनएफएस, की मागे लिहिली आहे'. 'व्हाइस सिटी फुल'. बायको म्हणाली भंगारात देऊ का. म्हटलं, हात लावू नको.

चाळीसच्या चाळीस पैसे मोजून घेतलेल्या, आणि ज्यांनी गेम बनवला त्यांना त्यातला एक पैसाही गेलेला नाही. नागपुरात सीताबर्डीला एका गाळ्यात ६० रुपयांना एक, दोन घेतल्या तर १००. तिथे 'ओरिजिनल' आणि 'कॉपी' असे दोन प्रकार मिळायचे. ओरिजिनल म्हणजे छापील कव्हरवाली पायरेटेड, कॉपी म्हणजे मार्करने लिहिलेली पायरेटेड. खरी ओरिजिनल नावाची तिसरी वस्तू जगात असते हे मला बारावीपर्यंत ठाऊक नव्हतं, शपथ.

व्हाइस सिटी (गाड्या चोरत शहरभर फिरायचा गेम) २००३ साली पीसीवर आला तो दोन सीडींवर. आमच्या गाळेवाल्याने तो एका सीडीत बसवलेला. कसा? गाणी कापून. मी दोन वर्षं गाडीत बसून मुकाट फिरलो. मला वाटायचं शांत शहर आहे. पुढे २०११ मध्ये सेलमध्ये विकत घेतला, पहिल्याच चोरलेल्या गाडीत रेडिओ लागला आणि मी दचकून हेडफोन काढला.

तर लिहा. पैसे देऊन पहिला गेम कधी घेतलात, का घेतलात, आणि ते कुलूप (सीडी की म्हणजे गेम टाकताना विचारला जाणारा नंबर, ऑनलाइन तपासणी, जे काय असेल ते) नेमकं कुणाला लागलं? उपदेश नकोत. क्रॅकच्या (कुलूप तोडलेल्या प्रतींच्या) लिंका मागू नका, धागा उडेल.

मुक्काम कराड

मी तुमच्याही आधीचा. १९९४, कराडात कॉम्प्युटर क्लास, सहा मशिनं, बूट काढून आत जायचं. प्रिन्स ऑफ पर्शिया. पहिली लेव्हल संपली की एक खोली यायची, त्यात बाटल्याच बाटल्या, प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर. खाली सूचना: पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर असलेली बाटली पी. पुस्तिका फक्त विकत घेणाऱ्याकडे. म्हणजे कुलूप फ्लॉपीत नव्हतंच, कागदात होतं.

आमच्या सरांकडे त्या उत्तरांच्या तक्त्याचा झेरॉक्स होता. झेरॉक्सचा झेरॉक्सचा झेरॉक्स. इतका फिका की 'सी' आणि 'जी' सारखेच दिसायचे, आणि चुकीची बाटली प्यायली की राजपुत्र घायाळ. सरांनी तो टेबलाच्या काचेखाली ठेवलेला. बेसिक (संगणकाची भाषा) शिकायला आलेल्या मुली विचारायच्या, सर, हा कसला तक्ता? सर म्हणायचे, ॲस्की कोड.

बाकी 'प्रिन्स मेगाहिट' टाइप करून गेम सुरू करणाऱ्या सर्वांना नमस्कार. कळणाऱ्याला कळेल.

पडीक

मेगाहिट!! काका, डोळ्यांत पाणी आणलंत.

कॅफेवाला काका

सांगलीत २००१ ते २००९ सायबर कॅफे चालवला. आठ मशिनं, तासाला २० रुपये, रात्री नऊनंतर १५. ई-मेल बघणारे दहा मिनिटांत उठून जायचे. वीजबिल निघायचं ते काउंटर-स्ट्राइकच्या पोरांवर.

काउंटर-स्ट्राइक चालायचा हाफ-लाइफ या गेमवर. त्याची सीडी मी एक घेतली होती, खरोखरची, मुंबईहून मागवून. तिची की १३ आकड्यांची. तीच आठही मशिनवर. लॅनवर (कॅफेतल्या मशिनांच्या आपसातल्या जोडणीवर) कुणी विचारत नव्हतं. कायद्याने ते चूक होतं हे मला तेव्हाही कळत होतं, उगाच साळसूदपणा करत नाही. पण आठ मशिनला आठ खोकी घ्यायची तर मला दोन मशिनं विकावी लागली असती. दर महिन्याला कुणीतरी पेनड्राइव्ह घालून व्हायरस आणायचा, मग फॉरमॅट, मग तेच १३ आकडे पुन्हा. एटीएमचा पिन आजही मी डायरीत बघतो. ते आकडे बोटांना पाठ आहेत.

सदाफुली

बायका गेम खेळत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा प्रतिसाद.

आमच्याकडे प्लेस्टेशन २ आला तो दादाच्या पहिल्या पगारातून. आणल्याच्या दुसऱ्या दिवशी तो पिशवीत घालून आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला चिप बसवायला. नवा कोरा, वॉरंटीचं स्टिकर चकचकीत, आणि त्या माणसाने बोलता बोलता नखाने ते स्टिकर सोललं. आईच्या चेहऱ्यावर जावयाने ताट ढकलल्यासारखा भाव. मग सोल्डरिंगचा तो राळेचा वास, केसासारख्या तारा, आणि अर्ध्या तासात कन्सोल कुठलीही डीव्हीडी खाऊ लागला. ओरिजिनल डिस्क दोन-अडीच हजाराला, फुटपाथवर १०० ला. दादाचा पगार ७,०००.

पण १०० च्या डिस्कलाही लॉटरी होती. फुटबॉलचा एक गेम अख्खा अरबी कॉमेंट्रीसकट निघाला. आम्ही तसाच वर्षभर खेळलो. गोल झाला की दादा आजही तेच ओरडतो, अर्थ कुणालाच माहीत नाही.

ढगाळ

माझा अनुभव उलटा. मी पैसे दिले आणि मीच बाहेर राहिलो.

२००८ च्या शेवटी, पहिली नोकरी, पुण्यात मॉलमधून सीलबंद गेम घेतला. नाव लिहीत नाही. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात: मर्यादित ॲक्टिव्हेशन. म्हणजे तीनदा इन्स्टॉल केला की संपलं. माझा पीसी त्या वर्षी आजारी होता, रॅम बदलली, विंडोज दोनदा टाकलं. मार्चमध्ये चौथ्यांदा डिस्क घातली तर खिडकी आली की मर्यादा संपली, ग्राहक सेवेशी संपर्क साधा. साधला. त्यांनी खरेदीच्या पावतीचा फोटो मागितला. मॉलची पावती थर्मल कागदाची, कोरी पांढरी झालेली. त्या कोऱ्या कागदाचाच फोटो पाठवला. उत्तर आलं नाही.

रूममेटकडे तोच गेम डाउनलोड केलेला. त्याने हवा तेव्हा काढला, हवा तेव्हा टाकला. माझ्याकडे बघून काही बोलला नाही, एवढी माणुसकी दाखवली.

उंदीरमामा

ढगाळ, ते वर्षच तसलं होतं. स्पोअर हा गेम सप्टेंबर २००८ मध्ये सिक्युरॉम नावाचं कुलूप घेऊन आला, तीन ॲक्टिव्हेशनचीच मर्यादा. लोकांनी ॲमेझॉनवर एका ताऱ्याच्या परीक्षणांचा पाऊस पाडला, मग मर्यादा पाच केली. आणि एवढं करून तो त्या वर्षी सर्वांत जास्त पायरेट झालेल्या गेम्समध्ये होताच. दोन वर्षांनी युबिसॉफ्ट कंपनीने असॅसिन्स क्रीड २ या गेमला सतत इंटरनेट लागेल असं केलं. मार्च २०१० मध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि विकत घेणारेच दाराबाहेर.

अजून एक गंमत. जुन्या सीडींवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. त्याच्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची भोकं होती म्हणून विंडोज १० मध्ये तो चालूच दिला नाही. म्हणजे २००२ ची प्रामाणिक सीडी आज लागत नाही आणि त्याच गेमची क्रॅक केलेली प्रत सुरळीत लागते.

कुलपापेक्षा वेगळा रस्ता पोलंडमध्ये निघाला. नव्वदच्या दशकात तिथलाही बाजार आपल्या लॅमिंग्टन रोडसारखाच. तिथल्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने १९९९ मध्ये बाल्डर्स गेट हा गेम पोलिश भाषेत आणला, नावाजलेल्या नटांचे आवाज, आणि खोक्यात नकाशा, नियमांचं पुस्तक, संगीताची सीडी. ते खोकं फुटपाथवाल्याला झेरॉक्स करता येईना. पहिल्याच दिवशी १८,००० प्रती गेल्या. पुढे त्यांनीच २००८ मध्ये जीओजी हे ऑनलाइन दुकान काढलं, जिथे कुठल्याही गेमला कुलूपच नाही. त्यांचा स्वतःचा गेम विचर ३ सुद्धा २०१५ मध्ये तिथे पहिल्या दिवसापासून बिनकुलपाचा. मराठीत आवाज असलेला एक मोठा गेम कुणी आणला तर मी दोन खोकी घेईन, एक देव्हाऱ्यात ठेवायला.

साधा माणूस

एवढी कौतुकं चालली आहेत म्हणून विचारतो, ही चोरी नाही का? 'परवडत नव्हतं' म्हणून आपण सोनाराकडून अंगठी उचलत नाही.

वऱ्हाडी ठसका

चोरीच आहे. वर लिहिलंय तसं, एक पैसा गेला नाही. अंगठी मात्र सोनाराच्या पेटीतून कमी होते, गेम होत नाही, एवढा फरक धरा. सूट म्हणून सांगत नाहीये.

काळा कोट

माहितीसाठी. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३बी: पायरेटेड संगणक प्रोग्राम जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून दंडावर सोडू शकतं. कुलूप तोडण्याचं कलम ६५ए हे २०१२ च्या दुरुस्तीत आलं. कॅफेवाले काका, तुम्ही वर जे लिहिलंय ते लेखी स्वरूपात नको होतं. (काकांच्या कॅफेत मीही खेळलोय, रात्री नऊनंतर.)

कॅफेवाला काका

कोण रे तू? उधारी आहे का तुझी?

चहा कमी पाणी जास्त

माझं उत्तर सोपं आहे. नोव्हेंबर २०१५. स्टीमवर (गेमचं ऑनलाइन दुकान) डॉलर जाऊन रुपया आला. त्याआधी आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड लागायचं, आणि घरात कार्ड एकच, बाबांचं, ते कपाटात लॉकरच्या किल्लीशेजारी. "परदेशी वेबसाइटवर नंबर टाकायचा? वेडा झालास?" संपला विषय. रुपये आले, पुढे यूपीआय आलं, सेलमध्ये गेम वडापाव-चहाच्या हिशेबात आले. २०१५ च्याच जूनमध्ये परताव्याचीही सोय झाली होती: चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. मी सुधारलो वगैरे काही नाही. टोरंट (फुकट फाइलींची देवघेव) शोधून, तीन अँटीव्हायरसना शांत करून, रात्रभर डाउनलोड लावून सकाळी 'फाइल करप्ट' बघण्यापेक्षा १४९ रुपये सोपे पडले.

आता मात्र नवे मोठे गेम पुन्हा चार-पाच हजारांवर गेलेत. माझ्या कॉलेजातल्या भावाच्या हातात पुन्हा टोरंट दिसतंय. मी त्याला काय सांगणार?

रंगपंचमी

मी पुण्यात गेम आर्टिस्ट आहे, लहानशा टीममध्ये. दुसऱ्या बाजूने लिहिते.

आमचा गेम आला त्याच संध्याकाळी टोरंटवरही आला. ते अपेक्षितच. ग्रीनहार्ट गेम्सने २०१३ मध्ये गेम डेव्ह टायकून (गेम कंपनी चालवायचा गेम) याची क्रॅक प्रत स्वतःच सोडली होती, त्यात खेळणाऱ्याची कंपनी पायरसीमुळे बुडायची. पहिल्या दिवशी खेळणाऱ्यांत ९३.६ टक्के पायरेट निघाले. आमचा आकडा आम्ही मोजलाच नाही, घाबरून.

टोचलं ते वेगळंच. एकाने आम्हाला मेल केला, मराठीत, अगदी आदराने: "ताई, तिसऱ्या मंदिरात दार उघडत नाही, लवकर बघा." ते दार विकलेल्या प्रतीत उघडत होतं. क्रॅक करताना एक फाइल सुटलेली. मी तरी दोन तास बसून त्याला उत्तर लिहिलं, कारण त्याने दाराच्या चौकटीवरच्या नक्षीचं कौतुक केलं होतं आणि ती नक्षी माझी. ती मी कोल्हापुरात मंदिरासमोर बसून रेखाटली होती. पैसे देणाऱ्या कुणीही चौकटीबद्दल लिहिलं नाही.

कुलूप लावायचं का यावर आमच्यात भांडण झालं. कुलूप भाड्याने मिळतं, आणि ते भाडं आमच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढं वाटलं. नाही लावलं.

श्टुटगार्टकर

माझी एक कार रेसिंगची गेम होती. (गेम तो की ती यावर वेगळा धागा काढा, मी ती म्हणतो.) पैसे देऊन घेतलेली, एकट्याने खेळता येणारी. तरी सर्व्हर लागायचा. एक दिवस सर्व्हर बंद केला आणि गेम लायब्ररीत नुसती नावापुरती राहिली, विहिरीवरच्या कोरड्या रहाटासारखी. डिस्क होती तीही घरातच आहे, चहाचा कप ठेवायला बरी पडते. युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' म्हणून मोहीम आहे, जुलै २०२५ मध्ये तिने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. त्यात एक सही माझी, एक बायकोची. तिने कधी गेम खेळलेली नाही, पण पैसे देऊन घेतलेली वस्तू दुकानदार परत उचलून नेतो हे ऐकून ती माझ्यापेक्षा चिडली.

पियूची आई

विषय थोडा सोडून. आमच्याकडे गेम फुकट आहे, कपडे विकत. मुलाने मोबाइल गेममध्ये एका जाकिटासाठी माझ्या फोनवरून ३,४०० रुपये घातले. हिवाळ्यात स्वेटर घाल म्हटलं तर घालत नाही. तुमच्या काळातली चोरी परवडली.

वऱ्हाडी ठसका

ऑफिसातून सीडी ड्राइव्ह मागून आणला. आयजीआयची सीडी ओरखड्यांनी मेली. एनएफएसने कोयत्यासारखा आवाज केला आणि बंद. मग 'व्हाइस सिटी फुल'च्या कप्प्यातली सीडी घातली. आत ९१ फोटो. ताईचा साखरपुडा, २००५.

ताईला फोन केला. म्हणाली, अमरावतीला सासूबाईंनी साखरपुड्याची सीडी कपाटात पैठणीच्या घडीत जपून ठेवली आहे, पण ती टीव्हीवर कधी लागलीच नाही.