मताची नोंद ब्लॉकचेनवर गेली तर पारावरची शंका मिटेल का?

कापूसपट्टा (यवतमाळ जिल्हा)
२६ एप्रिल २०२४ ला, लोकसभेच्या दुसऱ्या टप्प्यात, मी आमच्या गावच्या बूथवर एजंट म्हणून बसलो होतो. पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान झालं. ५० मतं टाकली, चिठ्ठ्यांशी जुळवली, सील लागलं, सह्या झाल्या. संध्याकाळी नमुना १७ सी ची, म्हणजे बूथवर एकूण किती मतं पडली त्या हिशेबाची, प्रत खिशात घालून घरी आलो. नेमकं त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेलं मत छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, शंभर टक्के चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली. त्या रात्री पारावर जो वाद लागला, तो विधानसभा होऊन गेली तरी मिटलेला नाही. हरलेला म्हणतो, मशीननं हरवलं. मी दिवसभर मशीनसमोर बसलेला माणूस, पण माझं कोणी ऐकत नाही. नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नोंद ब्लॉकचेनवर व्हावी. फेरफाराची वही एकट्या तलाठ्याकडे असायची. इथं तीच वही आयोग, सगळे पक्ष आणि न्यायालय यांच्याकडे एकाच वेळी राहील. प्रत्येक पानावर मागच्या पानाची खूण असेल, त्यामुळे मधलं एक पान बदललं तरी पुढचं सगळं चुकेल आणि बाकीच्यांच्या वह्यांशी जुळणार नाही. तेलंगणानं ऑक्टोबर २०२१ मध्ये खम्ममला मोबाइलवर अशा मतदानाची चाचणी घेतली होती. विरोध असेल तर जरूर करा, फक्त कारण सांगा.

वर्धेची लेक
वही बदलता येणार नाही, हे मान्य. पण पहिल्यांदाच चुकीचं लिहिलं गेलं तर? मोबाइलमधल्या ॲपनं तुमचं मत दुसऱ्याच्या नावावर टाकलं, तर ब्लॉकचेन ते चुकीचं मतच इमानेइतबारे जपून ठेवेल. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियानं २०१८ मध्ये परदेशातल्या सैनिकांसाठी असं ॲप वापरलं. २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी त्यातली भगदाडं दाखवली. मॉस्कोत २०१९ च्या निवडणुकीआधी एका फ्रेंच संशोधकानं तिथल्या यंत्रणेचं कुलूप वीसेक मिनिटांत फोडता येतं हे सिद्ध केलं.

हे लांबचं झालं. माझ्या आईचं सांगते. निंदण आणि वेचणी करून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्यात. रेशनच्या मशीनवर ठसा उमटत नाही, चार चकरा होतात. ई-पीक पाहणीला रेंज शोधत बांधावर फिरावं लागतं. धान्य उद्या तरी मिळतं. मतदानाला दुसरा दिवस नसतो.

सालदार
भाऊ, तुमच्या वहीचं मले समजलं. पन मोबाइलवर मत म्हनलं का अंगावर काटा येते. बूथवर त्या पुठ्ठ्याच्या आडोशात माह्यासंग कोनी नसते. ना पोरगा, ना मालक, ना आदल्या राती पैसे वाटून गेलेला मानूस. घरी मोबाइल असला तर तो पायरीवर बसून म्हनन, दाब अन् दाखव. मी ३० वर्सं सालदारकी केली. मालक समोर उभा असताना सालदार कोनतं बटन दाबते, हे मले विचारा. तो आडोसा काढू नका.

हिंगणघाटचा इंजिनिअर
काकांची भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय सापडलेला आहे. एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवर मतदान होतं. दबावाखाली मत दिलं तर नंतर पुन्हा देता येतं, शेवटचं धरतात. केंद्रावर जाऊन कागदावर दिलं तर ऑनलाइन मत रद्द होतं. २०२३ मध्ये निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन होती.

वर्धेची लेक
एस्टोनियाची लोकसंख्या तेराएक लाख. एकटा यवतमाळ जिल्हा त्याच्या दुप्पट. आणि पायरीवर बसलेला माणूस शेवटच्या तासालाच येऊन बसला तर काका पुन्हा मत कधी देणार?

वैनगंगा (गडचिरोली)
तुम्ही सगळे गावात हजर असलेल्यांचं बोलताय. आमच्याकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. १९ एप्रिलला इथं मतदान होतं, आणि काही घरांना कुलूप होतं. भाडं खर्चून, मजुरी बुडवून एका मतासाठी कोण येईल? आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये दूरस्थ मतदानाचं यंत्र पक्षांना दाखवायला आणलं, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ चालतील असं. विरोधी पक्षांनी विरोध केला आणि विषय तिथंच राहिला. या लोकांना मत मिळावं म्हणून कुठलंही तंत्र आलं तरी मी त्याच्या बाजूनं आहे. धोका आहे म्हणून त्यांना कायम यादीतलं नुसतं नाव करून ठेवायचं, हे मला पटत नाही.

अमरावतीचा वकील
वैनगंगा यांच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो या धाग्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा आहे.

पण मूळ प्रश्न विश्वासाचा होता. जर्मनीच्या घटना न्यायालयानं ३ मार्च २००९ ला मतदान यंत्रांचा तिथला वापर घटनाबाह्य ठरवला. कारण असं दिलं की मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे साध्या नागरिकाला, तज्ज्ञाची मदत न घेता, तपासता आले पाहिजेत. कापूसपट्टा, तुमची ती खूण पारावर कोण तपासणार? आज लोक मशीनवर संशय घेतात, उद्या ब्लॉकचेनवर घेतील आणि समजावायला इंजिनिअर बोलवावा लागेल.

दुसरं, खरी गळती यादीत आहे. २०२४ च्या विधानसभेआधी राजुऱ्यात मतदार नोंदणीचे संशयास्पद ऑनलाइन अर्ज आले आणि गुन्हा दाखल झाला. खोटा मतदार एकदा यादीत आला की त्याचं मत ब्लॉकचेनवरही खरंच दिसेल.

तिसरं, जे हातात आहे तेच मागा. १७ सी च्या पहिल्या भागात बूथवर एकूण किती मतं पडली एवढंच असतं, कोणाला पडली ते नसतं. ते त्याच रात्री संकेतस्थळावर टाकायला काय हरकत आहे? लोकसभेच्या पहिल्या टप्प्याची अंतिम टक्केवारी ११ दिवसांनी आली, शंका तिथंच वाढली.

सालदार
वकीलसाहेब, अजून एक. मोजनी बूथवार होते. सहाशे मतांच्या तांड्यानं कोनाले मत देल्लं हे निकालाच्या दिवशीच समजते. मंग रस्त्याचं काम त्या तांड्याले येत नाही. त्याचं काय?

अमरावतीचा वकील
खरं आहे. आयोगानं २००८ मध्येच टोटलायझर सुचवला होता, १४ बूथची मतं एकत्र मोजणारा. सरकारनं मान्य केला नाही. पण तो आला तर कापूसपट्टा यांना आपल्या बूथचा निकाल वेगळा दिसणार नाही. एकूण मतांचा ताळा मात्र तेव्हाही लावता येईल.

कापूसपट्टा
खम्ममचं उदाहरण मागे घेतो, काकांचा आडोसा राहिलाच पाहिजे. ब्लॉकचेनचा आग्रह पूर्ण सोडलेला नाही. बूथ बंद झाल्यावर १७ सी सगळ्यांकडे एकाच वेळी जाऊन कायमची गोठावी, हे मला अजूनही हवं आहे.

पण माझी प्रत वर्षभर कपाटात पडून आहे, ती मी कशाशीच ताडून पाहिली नाही. नमुना २० मध्ये, म्हणजे निकालपत्रात, बूथवार आकडे असतात ना? काढतो, माझ्या एकूण मतांशी जुळतात का बघतो आणि दोन्हींचे फोटो इथंच टाकतो. बाजूच्या गावांत एजंट बसलेले अजून तिघे आहेत, त्यांच्याही प्रती मागतो.