मुख्य प्रशिक्षक कोणाला करायचे? अमेरिकी हायस्कूलमधील नेमणुका आणि वर्णभेदाचे दावे

प्लेनोकर (धागाकर्ता)

गेली १७ वर्षे मी डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरात राहतो. माझा धाकटा मुलगा येथील सार्वजनिक हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात खेळत असे. त्याच्या शेवटच्या वर्षी मुख्य प्रशिक्षक निवृत्त झाले, तेव्हा ११ वर्षे सहायक म्हणून काम केलेले आणि बचावफळीची सगळी जबाबदारी सांभाळणारे कृष्णवर्णीय प्रशिक्षक आता त्या जागी येतील, असे आम्ही पालक धरूनच चाललो होतो. जाहिरात निघाली, मुलाखती झाल्या आणि दुसऱ्या गावाहून आलेल्या, त्यांच्यापेक्षा जवळजवळ निम्मा अनुभव असलेल्या गोऱ्या गृहस्थांची नेमणूक झाली. पालकांच्या सभेत कारण विचारले, तेव्हा ‘शाळेच्या वातावरणाला ते अधिक साजेसे आहेत’ एवढेच उत्तर मिळाले.

ही नेमणूक वर्णामुळे झाली असा माझा आरोप नाही, कारण मला ते माहीत नाही. ते कोणालाही कळण्याची सोयच नव्हती, ही माझी तक्रार आहे.

या प्रश्नाला जुना इतिहास आहे. वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ‘ब्राउन’ निकालानंतर दक्षिणेत गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा एकत्र होऊ लागल्या, तेव्हा दोन शाळांची एक शाळा झाली आणि दोन मुख्य प्रशिक्षकांपैकी एकालाच जागा उरली. सहायक होण्याची पाळी बहुतेक वेळा कोणावर आली असेल, हे सांगायला नको. नॉर्थ कॅरोलायनातील विल्यमस्टन येथे हर्मन बून यांनी ई. जे. हेज या कृष्णवर्णीयांच्या शाळेचा फुटबॉल संघ नऊ वर्षे नावारूपाला आणला होता. शाळा एकत्र होताना त्यांना सांगण्यात आले की, कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षकासाठी हे गाव अजून तयार नाही. अशा प्रकरणांमुळेच १९६९ मध्ये पाचव्या सर्किटच्या, म्हणजे दक्षिणेतील काही राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील न्यायालयाने ‘सिंगलटन’ निकालात बजावले की, एकत्रीकरणात कोणाला काढायचे किंवा खालच्या पदावर पाठवायचे असेल, तर ते वस्तुनिष्ठ आणि भेदभावरहित निकषांवरच ठरले पाहिजे. टेक्ससही याच न्यायालयाच्या कक्षेत येते.

आता विल्यमस्टनमधल्यासारखे तोंडावर कोणी काही सांगत नाही. नोकरीतील भेदभावाला मनाई करणाऱ्या, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाखाली दावा केला, तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या ‘मॅक्डॉनेल डग्लस’ निकालाची चौकट लागू होते. आपण पात्र होतो आणि तरी डावलले गेलो, एवढे अर्जदाराने प्रथमदर्शनी दाखवायचे. मग शाळेने एखादे रास्त कारण पुढे करायचे आणि ते कारण खोटे असल्याचे पुन्हा अर्जदारानेच सिद्ध करायचे. म्हणजे सारा खटला कारणाभोवती फिरतो. कारण जर निर्णयाच्या दिवशी कोठेच लिहिलेले नसेल आणि दावा आल्यावर वकिलाच्या कचेरीत बसून शोधले जात असेल, तर डावललेल्या माणसाने काय खोडून काढायचे?

माझे मत असे आहे की, मुख्य प्रशिक्षकाच्या प्रत्येक नेमणुकीआधी निकष जाहीर करावेत आणि प्रत्येक उमेदवाराबद्दलची कारणे निवड होण्यापूर्वी लेखी नोंदवावीत. आपणांस काय वाटते?

मैदानावरून

धागाकर्त्यांच्या तळमळीविषयी मला शंका नाही, परंतु हा उपाय मला मान्य नाही. माझी पत्नी गेली नऊ वर्षे एका हायस्कूलची उपमुख्याध्यापिका आहे. त्यामुळे या नेमणुका मी दुसऱ्या बाजूने पाहिल्या आहेत.

प्रशिक्षकपद हे शिक्षकपदासारखे नाही, हे आधी लक्षात घ्यावे. येथे बहुतेक प्रशिक्षक शाळेत शिक्षक असतात आणि प्रशिक्षणाचे काम वेगळ्या भत्त्यावर, वर्षावर्षाच्या कराराने करतात. शिक्षक म्हणून कायम असलेल्या माणसाचाही प्रशिक्षकपदावर हक्क नसतो, असेच येथील न्यायालयांनी सहसा मानले आहे, आणि ते योग्य आहे. शुक्रवारी रात्री हजारो लोकांसमोर सोळा-सतरा वर्षांची मुले ज्याच्या स्वाधीन करायची, त्याच्यावर मुख्याध्यापकांचा विश्वास हवा. हा विश्वास गुणपत्रिकेत मांडता येत नाही.

आपण डॅलसचे आहात, म्हणून डॅलसचेच उदाहरण घेतो. साउथ ओक क्लिफ हायस्कूलमध्ये नॉर्मन जेट हे गोरे गृहस्थ १९७० पासून मुख्य फुटबॉल प्रशिक्षक आणि क्रीडा संचालक होते. त्यांच्या काळात ती शाळा गोऱ्यांची न राहता प्रामुख्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची झाली आणि १९७५ मध्ये तेथे कृष्णवर्णीय मुख्याध्यापक आले. दोघांचे जमले नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये प्लेनोच्या शाळेविरुद्धच्या सामन्यात हार झाल्यावर जेट पंचांशी जे बोलले, ते मुख्याध्यापकांना खटकले. स्वतःच्या खेळाडूंच्या शैक्षणिक पात्रतेविषयी जेट यांनी वृत्तपत्राला जे सांगितले, तेही खटकले. पुढच्या मार्चमध्ये मुख्याध्यापकांनी त्यांना पदावरून दूर करण्याची शिफारस केली. जेट यांनी वर्णभेदाचा दावा लावला आणि ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. आता मला सांगा, आपल्याच मुलांना वर्तमानपत्रातून कमी लेखणारा प्रशिक्षक मुख्याध्यापकांना नको वाटला, तर त्यात वर्ण कोठे आला? तरीही प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. प्रत्येक मतभेदाला वर्णाचा रंग चढू लागला, तर कोणताही मुख्याध्यापक वाईट प्रशिक्षकाला हात लावणार नाही आणि त्याचे परिणाम मुलेच भोगतील.

एडिसनवासी

मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. कारणे लिहून काय होणार? ज्याला डावलायचे आहे, तो सुरेख भाषेत कारणे लिहील. संघातील निम्म्याहून अधिक मुले कृष्णवर्णीय आणि मैदानाच्या कडेला उभे असलेले प्रशिक्षक जवळजवळ सगळे गोरे, हे चित्र मी अनेक शाळांत पाहिले आहे. खेळाडूंच्या प्रमाणात प्रशिक्षक असलेच पाहिजेत, असा सरळ नियम का नको? महाराष्ट्रात आपल्याकडे आरक्षणाची बिंदुनामावली असते. कोणता बिंदू कोणाचा, हे कागदावर असते, म्हणून ज्याचा हक्क डावलला जातो त्याला बोट ठेवून दाखवता येते.

कलम-कायदा

मी न्यू जर्सीत वकिली करतो. एडिसनवासींच्या भावनेचा आदर राखून दोन गोष्टी स्पष्ट करतो.

पहिली गोष्ट आकड्यांची. सेंट लुइसजवळच्या हेझलवूड शाळा जिल्ह्याविरुद्ध (म्हणजे त्या भागातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या संस्थेविरुद्ध) केंद्र सरकारने दावा केला होता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शिक्षकांतील प्रमाणाची तुलना विद्यार्थ्यांतील प्रमाणाशी करणे मुळातच चुकीचे आहे; तुलना करायची ती त्या भागात उपलब्ध असलेल्या पात्र शिक्षकांशी. तोच न्याय प्रशिक्षकांना लावला, तर संघात कृष्णवर्णीय मुले किती यावरून काहीच सिद्ध होत नाही. पात्र आणि इच्छुक सहायक प्रशिक्षक किती होते, त्यांपैकी मुख्य पदावर किती गेले, हा प्रश्न विचारावा लागतो. आणि एका हायस्कूलमध्ये फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक दहा-दहा वर्षांत एकदा बदलतो. एवढ्या थोड्या नेमणुकांवरून कोणताही आकडा न्यायालयात टिकत नाही.

दुसरी गोष्ट बिंदुनामावलीची. ती आपल्या संविधानाच्या आधारावर उभी आहे. येथील कायद्यात तिला जागा नाही. येथे न्यू जर्सीत एडिसनच्या शेजारीच पिस्कॅटवे आहे. तेथील शिक्षण मंडळाला १९८९ मध्ये वाणिज्य विभागातील एक शिक्षिका कमी करायची होती. समान सेवाज्येष्ठता असलेल्या दोघींपैकी मंडळाने विविधतेच्या कारणासाठी कृष्णवर्णीय शिक्षिकेला ठेवले आणि गोऱ्या शिक्षिकेला काढले. तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने १९९६ मध्ये ते बेकायदा ठरवले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात सुनावणी होण्याआधीच ४,३३,५०० डॉलर देऊन तडजोड झाली. जून २०२५ मध्ये ओहायोतील ‘एम्स’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले आहे की, बहुसंख्य समाजातील अर्जदारालाही पुराव्याचा अधिक कडक निकष लावता येणार नाही. म्हणजे वर्ण पाहून दिलेले पद दोन्ही बाजूंनी अडचणीत येते.

जेट प्रकरणाचा शेवट मात्र ‘मैदानावरून’ यांनी सांगितला नाही. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, मुख्याध्यापकाने भेदभाव केला एवढ्यावरून १८६६ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे शाळा जिल्ह्याला जबाबदार धरता येत नाही. ते जिल्ह्याचे धोरण किंवा रूढ प्रथा होती, असे दाखवावे लागते. पुढे १९९३ मध्ये पाचव्या सर्किटने ठरवले की, टेक्ससमध्ये धोरण ठरवण्याचा अंतिम अधिकार विश्वस्तांचा, म्हणजे स्कूल बोर्डाचा असतो, जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी असलेल्या सुपरिंटेंडेंटचाही नसतो. जेट जिल्ह्याविरुद्ध हरले. त्या निकालाने दार अडवले गेले ते केवळ गोऱ्या प्रशिक्षकांसाठी नाही. डावललेल्या कृष्णवर्णीय प्रशिक्षकासमोरही तोच अडसर उभा आहे, कारण निवड मुख्याध्यापक आणि क्रीडा संचालक करतात आणि बोर्ड महिन्याच्या बैठकीत वीस नावांच्या यादीवर एकगठ्ठा मोहोर उमटवते.

प्लेनोकर (धागाकर्ता)

‘कलम-कायदा’ यांनी जेट प्रकरण पूर्ण सांगितले, त्याबद्दल आभार. ‘मैदानावरून’ यांना मी एवढेच विचारतो की, त्या मुख्याध्यापकांची कारणे जर रास्त होती, तर १९७५ ते १९८२ या सात वर्षांत ती वेळोवेळी जाहीर निकषांवर नोंदवलेली असती, तर त्यांचाच बचाव अधिक भक्कम झाला नसता का? लेखी कारण हे केवळ डावललेल्याचे शस्त्र आहे, असे आपण गृहीत धरता. निर्दोष मुख्याध्यापकाला वाचवणारे दुसरे साधन मला तरी दिसत नाही.

विश्वासाविषयी माझे मत कठोर आहे, त्याबद्दल क्षमा असावी. विश्वास बहुधा ओळखीच्या माणसावर बसतो. क्रीडा संचालक ज्यांच्याबरोबर कॉलेजात खेळले, ज्यांच्या घरी त्यांचे जाणे-येणे आहे, संघासाठी पैसा उभा करणाऱ्या बूस्टर क्लबचे देणगीदार ज्यांना चर्चमध्ये भेटतात, तेच लोक ‘साजेसे’ वाटतात. आपल्या गावाकडे याला वशिला म्हणतात. त्यात द्वेष असेलच असे नाही. पण ११ वर्षे मुलांबरोबर उन्हात उभा राहिलेला माणूस त्या वर्तुळाबाहेर राहतो, आणि त्याचा वर्ण बहुतेक वेळा एकच असतो.

जुना सहायक

मी स्वतः एका शाळेत टेनिसचा सहायक प्रशिक्षक म्हणून सहा वर्षे काम केले आहे, म्हणून लिहितो. धागाकर्त्यांनी बून यांची अर्धीच कथा सांगितली. ते व्हर्जिनियातील अलेक्झांड्रियाला गेले. १९७१ मध्ये तेथील हायस्कूलांचे वरचे वर्ग टी. सी. विल्यम्स शाळेत एकत्र केले, तेव्हा यशस्वी आणि लोकप्रिय गोरे प्रशिक्षक बिल योस्ट यांना सोडून बून यांना मुख्य प्रशिक्षक केले गेले. संघ एकही सामना न हरता राज्यविजेता झाला. योस्ट यांनी बून यांच्या हाताखाली काम केले, ही त्यांची थोरवी. तथापि आजच्या निकषांवर योस्ट यांनी दावा केला असता, तर? आणि धागाकर्त्यांच्या पद्धतीने तेव्हा कारणे लिहायची झाली असती, तर ‘या शहराला आज याची गरज आहे’ हे खरे कारण कोण लिहू शकले असते? तो निर्णय त्या काळी न्याय्य होता, असे मी मानतो. म्हणून केवळ लेखी निकषांनी न्याय होतो, हे मला पटत नाही. मुलाखत कोण घेतो, हे बदलले पाहिजे.

मैदानावरून

‘जुना सहायक’ यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. पत्नीच्या शाळेत गेल्या दोन नेमणुकांत पाच जणांची समिती होती आणि तीत खेळाशी संबंध नसलेल्या दोन शिक्षिका होत्या. प्रत्येकीने चर्चेआधी आपली नोंद स्वतंत्रपणे लिहिली होती. मात्र निवड झाल्यावर त्या नोंदी फाडून टाकण्यात आल्या, कारण त्या मोकळेपणाने लिहिलेल्या होत्या आणि त्या बाहेर जाणे कोणालाच नको होते. मोकळेपणा हवा असेल, तर हे मान्य करावे लागेल.

कलम-कायदा

कृपया आपल्या पत्नीस आजच सांगा की असे पुन्हा करू नये. केंद्रीय नियमानुसार शाळा जिल्ह्याने तयार केलेल्या नेमणुकीच्या नोंदी दोन वर्षे जपून ठेवाव्या लागतात आणि तक्रार दाखल झाली असेल, तर प्रकरण निकाली निघेपर्यंत. नोंदी तयार कराच, अशी सक्ती हा नियम करत नाही. धागाकर्त्यांच्या मागणीला खरी जागा येथेच आहे आणि ती मान्य करून घेण्यासाठी न्यायालयात जाण्याची गरज नाही, कारण हे धोरण स्थानिक स्कूल बोर्ड स्वतः करू शकते. प्लेनोकर, आपल्या त्या सहायक प्रशिक्षकांना मात्र हेही सांगा की, टेक्ससमध्ये नोकरीतील भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या राज्याच्या आयोगाकडे तक्रारीची मुदत १८० दिवस आणि केंद्रीय आयोगाकडे ३०० दिवस आहे.

प्लेनोकर (धागाकर्ता)

१८० दिवस उलटून गेले आहेत. ३०० दिवसांना अजून सात आठवडे बाकी आहेत. त्यांच्याशी रविवारी बोलतो. तक्रार करायची की नाही, हे तेच ठरवतील. त्यांना अजून त्याच शाळेत शिकवायचे आहे.