वारली चित्रांचे सुती कुर्ते काढायचे आहेत – चित्र कोणाकडून घ्यावं? बजेट ३० हजार

सुईदोरा
नमस्कार. मी घरून कुर्ते शिवून विकते. यंदा दिवाळीला गेरू रंगाच्या सुती कापडावर पांढरी वारली चित्रं छापून छोटा लॉट काढायचाय. कापड-शिलाईचं माझं मी बघते. चित्र, स्क्रीन आणि छपाई मिळून ३० हजारांच्या वर जाता येणार नाही. नेटवर तयार वारली फाइली ढिगाने मिळतात, पण मूळ चित्र कोणाचं हे एकीवरही लिहिलेलं नसतं. मी वारली नाही. कोणाच्या तरी घरच्या भिंतीवरचं उचलून माझ्या नावाने विकणं मला पटत नाही. तर चित्र कोणाकडून घ्यावं, मोबदला कसा ठरवावा, कायद्याने काही लागतं का? अनुभव असलेल्यांनी सांगा.

गोदाकाठची
वारलीचा नाद सोडा, पैठणी घ्या. मी येवल्याला विणकराच्या घरी बसून, माग चालताना बघून घेतली. अजून लोक लग्नात थांबवून विचारतात. खरी ओळखायची तर काठ उलटून बघा. हातमागाची मागूनही पुढच्यासारखीच दिसते, यंत्रमागाच्या काठाला मागे दोरे लोंबतात. पैठणीला जीआय (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येईल अशी सरकारी नोंदणी) असूनही पॉवरलूमचा माल त्याच नावाने सर्रास खपतोय, याची चीड येते. तुमच्या पैशात एक चांगली नक्की बसेल.

रंगारी
खडीच्या वाटेला जाऊ नका. गडद कापडावर पांढरं उठवायला खडी प्रिंट (जाड पांढऱ्या रंगाची छपाई) लागते, कापड कडक होतं. माझ्या लॉटला छपाईवाल्याने रंग पक्का करायचा ताप नीट दिला नाही. दोन धुण्यांत नाचणाऱ्यांचे पाय निघून गेले आणि माल परत आला. डिजिटल करा. पांढऱ्या कापडावर गेरू रंगाची जमीन छापायची, चित्राची जागा कोरी सोडायची. हात लावला तरी कळत नाही. फाइल माझ्याकडे आहे, पाठवतो.

सुईदोरा
धन्यवाद, पण फाइल कोणी काढलेली आहे?

रंगारी
ती सगळीकडे आहे. शाळेच्या भिंतीवर, रिक्षावर, चहाच्या कपावर वारलीच असतं. त्रिकोण आणि वर्तुळावर कोणाची मालकी नसते. आपण जीन्स घालतो तेव्हा कोणाची परवानगी काढतो?

पंचगंगा
हेच प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने केलं ना! जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी अंगठ्याची चप्पल दाखवली आणि नाव दिलं लेदर सँडल. कोल्हापूरचा शब्द नाही. ओरड झाल्यावर मान्य केलं की प्रेरणा भारतीय कारागिरांची. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय आहे, तरी ही हिंमत. आमच्या घरात तीन पिढ्या एकाच ठिकाणची चप्पल घालतात. तेल पाजून वापरली तर वर्षानुवर्षं जाते. ताई, कुर्त्यांसोबत चपलाही ठेवा.

सीमाभाग
जीआय एकट्या कोल्हापूरचा नाही. आठ जिल्हे आहेत: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. इकडच्या कारागिराचं नाव वर्तमानपत्रात कधीच येत नाही. आधी आपल्या घरातलं श्रेय नीट वाटा, मग मिलानला जाब विचारा.

पंचगंगा
नाव कोल्हापूरचं आहे, हे कसं नाकारणार?

सीमाभाग
नाव कोल्हापूरचं, पण शिवणारे हात दोन्हीकडचे. पुढे प्राडाने चपलांसाठी करार केला तोसुद्धा दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी.

सुईदोरा
मंडळी, विषय वारलीचा आहे. आणि बजेट ३० हजारच.

रानवाट
जीन्सवाल्यांना: जीन्स तुम्ही विकत घेता, दुकानदाराला पैसे देता, आणि ती घातली म्हणून कोणाचं पोट मारलं जात नाही. २०१५ मध्ये मेक्सिकोतल्या मिहे या आदिवासी लोकांच्या ब्लाउजवरचं भरतकाम इसाबेल मारां या फ्रेंच डिझायनरच्या संग्रहात आलं. गावातल्या बायका जे अंगावर घालतात ते पॅरिसहून विकलं गेलं आणि गावाला छदाम मिळाला नाही, म्हणून लोक चिडले. ज्याच्याकडे दुकान, कॅमेरा आणि जाहिरात आहे त्याने ज्याच्याकडे काहीच नाही त्याचं घ्यायचं, आक्षेप याला आहे.

कलमदान
कायद्याचं थोडं सांगतो. वारली चित्रकलेला २०१४ पासून जीआय आहे. पण जीआय राखतो ते नाव. माल ‘वारली’ म्हणून विकताय, तर तो खरोखर त्या लोकांच्या हातचा हवा. त्रिकोणी माणसाची आकृती जीआयने कोणाच्या मालकीची होत नाही. अमेरिकेत नावाहो या आदिवासी राष्ट्राने २०१२ मध्ये अर्बन आउटफिटर्स या कपड्यांच्या कंपनीवर दावा लावला तोही ‘नावाहो’ या ट्रेडमार्कवरून, २०१६ मध्ये तडजोड झाली. प्राडावरची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, कारण याचिकाकर्ते जीआयचे नोंदणीकृत मालक नव्हते.

तुमच्या कामाचा मुद्दा वेगळा आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. चित्रकार बाईने नवीन रचना काढली की कॉपीराइट तिचा. पण कॉपीराइट कायद्याचं कलम १५ बघा. कापडाची रचना डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी असून नोंदवली नसेल, आणि चित्रकाराच्या परवानगीने यंत्राने ५० पेक्षा जास्त नगांवर छापली, तर त्या रचनेवरचा कॉपीराइट संपतो. म्हणजे तुम्ही चांगल्या मनाने ३०० कुर्ते छापले तर तिचाच हक्क घालवाल. उपाय: पहिला कुर्ता विकायच्या आधी डिझाइन चित्रकाराच्या नावावर नोंदवा. आधी १० वर्षं, मग आणखी ५ वर्षं वाढवून मिळतं.

मधुमालती
+१ कलमदान. आणि नाव लिहा. नाव लिहिणं महत्त्वाचं.

तलासरीकर
मी वारली आहे. ताईंनी नीट विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो.

आधी काय घेऊ नये ते. लग्नात भिंतीवर देवचौक लिहितात. तो सवाशिणी लिहितात, धवलेरी (लग्न लावणारी बाई) गाते, मधे पालघट देवी असते. तो कपड्यावर नको. चौक कापून त्याची एक बाजू बाहीवर आणि एक खिशावर आलेला कुर्ता मी बाजारात बघितलाय. आईला दाखवायची हिंमत झाली नाही. तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) नाच, भातलावणी, झोडणी, ताडाचं झाड, मासे पकडणं, हे रोजचं जगणं आहे आणि ते आमचे चित्रकार विकायलाच काढतात. आमचे मोठे चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यापासून, म्हणजे सत्तरच्या दशकापासून, ते कागदावर-कापडावर येतंय. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

नेटवरची फाइल आम्हाला लगेच कळते. बाईच्या डोक्यामागे अंबाड्याचा ठिपका नसतो, त्यामुळे नाचात कोण बाई कोण बाप्या समजत नाही. तारपावाला नाचाच्या गोलात हवा, तो कोपऱ्यात शोभेला उभा असतो. आणि रिपीट (कापडभर तीच नक्षी पुन्हा पुन्हा) बसवायला गोल मधेच तोडतात. रंगारीदादा, तुमच्या फाइलीत अंबाडा आहे का बघा.

मोबदला: चित्राचे एकरकमी पैसे आणि वर नगामागे वाटा, दोन्ही कागदावर. हाताने रंगवून मात्र घेऊ नका असं माझं मत आहे. कापडावर वाकून पाठ आणि डोळे जातात, आणि दुसऱ्या लॉटला व्यापारी भाव पाडतोच. छापलंत तर चित्र एकदाच काढायचं आणि वाटा येत राहतो. डहाणू, जव्हार, विक्रमगड, तलासरी, कुठेही या. फोनवर ठरवू नका, घरी येऊन बसा.

रंगारी
बघितलं. अंबाडा नाही. पण गिऱ्हाइकाला काय फरक पडतो?

तलासरीकर
आम्हाला पडतो.

गोदाकाठची
पैठणीतले मोरही असेच बिघडवतात हो. चोच बघून सांगते मी.

मधुमालती
मी प्रदर्शनातून हाताने रंगवलेली साडी घेतली होती. महाग पडली, पण अजून तशीच आहे. ताई, बजेट वाढवा. आणि नाव लिहा.

सुईदोरा
सगळ्यांचं वाचलं, आभार. ठरलं ते सांगते. विक्रमगडकडच्या एका चित्रकार ताईंच्या घरी जाऊन आले. छपाई करत नाही. ३० कुर्ते, फक्त पाठीवर चित्र, त्या स्वतः रंगवणार. ३० हजार सगळे त्यांचे, निम्मे देऊन आले.

तलासरीकर दादा, पाठ-डोळ्यांचं मी त्यांच्यापुढे ठेवलं. त्या म्हणाल्या, “छापलं की उद्या कोणीही फोटो काढून छापेल. वाटा मागायला मी कोणाच्या दारात जाऊ?” मला याचं उत्तर देता आलं नाही. डिझाइन नोंदवायचंही विचारलं, तर त्यांना प्रत्येक कुर्त्यावर वेगळं चित्र काढायचंय, एकच पुन्हा पुन्हा नको. काय काढायचं ते मी सांगणार नाही. काम भातकापणी उरकल्यावर सुरू होईल, म्हणजे दिवाळी हुकली. माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना तसं कळवलंय.

रंगारी
दिवाळी हुकवून कपड्याचा धंदा होत नाही. तीस नगांत तुमचा खर्च निघणार नाही. डिजिटलचं पुन्हा एकदा बघा.

कलमदान
हाताने आणि प्रत्येक नग वेगळा, म्हणजे कलम १५ ची अडचण नाही. तरी दोन ओळींचा कागद करा. चित्रांचे फोटो तुम्ही जाहिरातीत वापरणार असाल तर तेही त्यात लिहा.

तलासरीकर
माझं मत अजून छपाईचंच आहे, पण त्यांचं काम, त्यांनी ठरवलं. कापड पाठवण्याआधी धुऊन खळ काढा, नाहीतर रंग वर राहतो आणि सोलतो. रंग पूर्ण वाळला की उलट्या बाजूने गरम इस्त्री. आणि नावाची पट्टी आत मानेला शिवा. दोऱ्याने लटकवलेलं कार्ड पहिल्याच दिवशी फेकून देतात.