मारिओचा पहिला भाग तिसऱ्यापेक्षा सरस आहे

तापीकाठ

सुपर मारिओ या व्हिडिओ गेम मालिकेच्या जुन्या भागांपैकी सर्वांत चांगला कोणता, हा प्रश्न निघाला की बहुतेक जण १९८८ मध्ये जपानात आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ला कौल देतात. मला तो मान्य नाही. १९८५ चा पहिला भाग रचनेच्या दृष्टीने तिसऱ्यापेक्षा सरस आहे असे माझे मत असून, ते केवळ जळगावच्या फुले मार्केटमधून आणलेल्या टीव्ही गेमवर बालपण गेले म्हणून बनलेले नाही. तिसरा भागही मी पुढे संगणकावर शेवटपर्यंत खेळलो आहे.

पहिल्या भागात मारिओ धावतो, उडी मारतो आणि फूल मिळाले तर आगीचे गोळे फेकतो. याहून फारसे त्याला काही येत नाही. परंतु उडी किती उंच जाईल हे बटण किती वेळ दाबून धरले आणि धावण्याचा वेग किती होता यावर ठरत असल्यामुळे त्या एका कृतीतून कितीतरी छटा निघतात, आणि खेळाचे रचनाकार शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका यांनी सगळे ३२ टप्पे तेवढ्यावर उभे केले. त्यांची शिकवण्याची पद्धत पाहा. पहिल्याच टप्प्यात प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून निघालेला मश्रूम उजवीकडे सरकतो, पाइपला आपटतो आणि परत आपल्याच अंगावर येतो, त्यामुळे तो घातक नसून लाभाचा आहे हे नवख्यालाही कळून चुकते. त्याच टप्प्याच्या शेवटाकडे समोरासमोर दोन जिने असून त्यांच्यामध्ये सपाट जमीन आहे. थोडे पुढे गेले की तशाच दोन जिन्यांमध्ये खड्डा आहे. म्हणजे आधी उडी चुकली तरी जीव जात नाही अशा जागी सराव करून घेतला आहे आणि मगच खरी परीक्षा घेतली आहे.

तिसऱ्या भागात कल्पनांची इतकी गर्दी आहे की एकही नीट मुरत नाही. पाचव्या जगाच्या तिसऱ्या टप्प्यात एक हिरवा बूट मिळतो, ज्यात बसून काटेरी शत्रूंवरही उडी मारता येते. ही अख्ख्या खेळातील सर्वांत गमतीची वस्तू असूनही त्या एका टप्प्यानंतर ती पुन्हा दिसत नाही. शिवाय टप्पाभर उडू देणारा, जपून ठेवलेला पी-विंग वापरला की बरेच टप्पे वरच्या वर उडून पार होतात. जो टप्पा असा न खेळताच ओलांडता येतो, त्याच्या रचनेचे कौतुक कसे करायचे?

भुसावळ यार्ड

दादा, आपला मुद्दा नीट वाचला, तरीही बालपणाचा प्रभाव आपण समजता त्याहून मोठा आहे, असे मला वाटते. आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ज्या ‘९९९९ इन वन’ कॅसेट फिरत असत, त्यांत मोजके खेळ वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा घातलेले असत, आणि त्यांत मारिओचा पहिला भाग हमखास असे. त्याचे कारण गुणवत्ता हे नव्हते. तो संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये मावतो आणि त्याला कॅसेटमध्ये कोणतीही खास चिप लागत नाही, म्हणून नक्कल करणाऱ्यांना तो स्वस्तात कोंबता येत होता. तिसरा भाग ३८४ किलोबाइटचा असून त्याला एमएमसी३ ही चिप लागते. खान्देशातल्या पिढीने पहिला भाग निवडला नाही, तिच्यापर्यंत तोच पोहोचला.

आता आपल्या ३२ टप्प्यांकडे येतो. ५-३ (म्हणजे पाचव्या जगाचा तिसरा) हा टप्पा म्हणजे १-३ च आहे, फक्त त्यात तोफगोळे वाढवले आहेत. ६-४ मध्ये १-४, ७-२ मध्ये २-२, ७-३ मध्ये २-३ आणि ५-४ मध्ये २-४ पुन्हा आले आहेत. जागेची टंचाई होती हे मान्य. ढग आणि झुडपे एकाच चित्राला वेगळा रंग देऊन काढण्याची त्यांची युक्ती तर मला फार आवडते. परंतु टंचाईतून आलेली पुनरावृत्ती आणि जाणीवपूर्वक साधलेला संयम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पडदा मागे सरकत नाही, ही त्याहून मोठी अडचण आहे. पहिल्या भागात मागे राहिलेले नाणे कायमचे गेले. तिसऱ्या भागात मागे फिरता येते, वर आकाशात जाता येते, कासवाचे कवच उचलून हवे तेथे फेकता येते, आणि म्हणून टप्पा म्हणजे केवळ ओलांडायची वाट न राहता शोधायची जागा बनतो. तिसऱ्या भागाच्या १-३ मध्ये पांढऱ्या ठोकळ्यावर मारिओला वाकवून धरले की तो देखाव्याच्या मागे उतरतो आणि तेथून पुढे गेल्यावर थेट पुढच्या जगांत नेणारी शिट्टी मिळते. पडदा उघडून सुरू होणारा हा खेळ एक नाटक आहे, हे मियामोतो यांनी पुढे २०१५ मध्ये मान्य केलेच. येथे खेळाडू त्या नाटकाच्या विंगेत शिरतो. पहिल्या भागात या तोडीची एकही जागा मला आढळलेली नाही.

हिरव्या बुटाबद्दल मात्र माझा आपल्याशी थेट विरोध आहे. एकदाच येतो म्हणूनच तो पंचवीस वर्षांनीही आठवतो.

शिरपूरकर

दोघेही दुसऱ्या भागाला वगळून चालला आहात. अमेरिकेत १९८८ मध्ये आलेला दुसरा भाग मूळचा मारिओ नव्हताच, ‘डोकी डोकी पॅनिक’ या १९८७ च्या जपानी खेळात पात्रे बदलून तो तयार केला गेला, असे सांगून त्याला नेहमी बाजूला सारले जाते. पण चार पात्रांपैकी कोण निवडावे, हा खरा निर्णय त्याच भागात प्रथम करावा लागला: लुइजी सर्वांत उंच उडी मारतो, टोड भाज्या झटपट उपटतो आणि राजकन्या थोडा वेळ हवेत तरंगते. ज्या राजकन्येला इतर भागांत केवळ सोडवायचे असते, ती येथे स्वतः खेळते. एवढ्यासाठी तरी त्याचा उल्लेख व्हायला हवा.

केळीबाग, रावेर

शिरपूरकर भाऊ, मुद्दा योग्य आहे, पण शत्रूच्या डोक्यावर उडी मारून तो मरत नसेल तर मला तो मारिओ वाटत नाही.

मुख्य वादात एक व्यावहारिक गोष्ट सुटली आहे. मूळ तिसऱ्या भागात खेळ जतन करण्याची सोय नव्हती. आठही जगे क्रमाने खेळायची तर कित्येक तास सलग बसावे लागते, आणि आमच्याकडे भारनियमनाच्या काळात तेवढा वेळ सलग वीज मिळणे म्हणजे नशीब होते. पहिला भाग १-२ मधल्या छुप्या वाटेने चौथ्या आणि ४-२ मधल्या तशाच वाटेने आठव्या जगात गेल्यास दोन वेळा वीज जाण्याच्या मधल्या वेळात संपवता येतो. दोन शिट्ट्या वापरून तिसऱ्या भागातही थेट आठव्या जगात जाता येते हे मला ठाऊक आहे, पण मग जी विविधता भुसावळ यार्ड दादा वाखाणतात, तीच हातची जाते. १९९० च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये बॅटरीवर खेळ जतन होतो आणि बाहेर पडण्याच्या ९६ वाटा आपापल्या सवडीने शोधता येतात, म्हणून माझ्या लेखी तोच सर्वांत पुढे आहे.

भुसावळ यार्ड

ताई, वीज जाणे हा महावितरणाशी भांडण्याचा विषय आहे, खेळाच्या रचनेचा नाही. जुने मारिओ खेळ एकत्र देणाऱ्या १९९३ च्या ‘ऑल-स्टार्स’ संचात तिसऱ्या भागाला जतन करण्याची सोय मिळाली आणि त्याचे टप्पे त्यामुळे बदलले नाहीत.

तापीकाठ दादांना एक प्रश्न विचारतो. पहिला भाग खेळाडूला इतक्या सचोटीने शिकवतो, तर ४-४ आणि ७-४ मधल्या भूलभुलैयांचे काय? चुकीच्या वाटेने गेले की तीच जागा पुन्हा पुन्हा समोर येत राहते आणि वेळ संपते. ८-४ मध्ये तर योग्य पाइप हवेत उंचावर आहे आणि त्यावर चढण्यासाठी लागणारा ठोकळा अदृश्य आहे.

तापीकाठ

तीच जागा पुन्हा समोर येणे, हीच तेथे दिलेली सूचना आहे. वाट चुकली हे खेळाडूला त्यातूनच कळते आणि पुढच्या फेरीत तो वरची सोडून खालची वाट धरतो. अदृश्य ठोकळ्याबद्दल म्हणाल, तर तो शेवटच्या टप्प्यात अचानक आलेला नाही. १-१ मध्ये पहिल्या खड्ड्याच्या अलीकडे तसाच एक ठोकळा आहे आणि त्यात एक जादा जीव ठेवलेला आहे. खड्डा ओलांडण्याच्या तयारीत कोणी अलीकडेच उडी मारली, की त्याचे डोके नेमके त्यावर आपटते.