गिअरबॉक्स बदलला की स्पीडोमीटर नीट करून देणं मिस्त्रीचंच काम, पटतंय का?

जुनीजीप: माझ्या फोर बाय फोर जीपला ४ गिअरचा डबा काढून ५ गिअरचा टाकला, गाडी झकास पळते पण काटा ६० वर असताना फोनचा जीपीएस ६६ सांगतो. मिस्त्री म्हणतो फोन लावा की समोर, आता कोण मीटर बघतं. माझं स्पष्ट मत, ज्याने गिअरबॉक्स बदलला त्याने मीटर जुळवूनच गाडी द्यायची, नाहीतर मजुरीतले पैसे कापायचे.

सातारी_डिझेल: मिस्त्री बरोबर बोलला राव. जुन्या जीपची केबल थंडीत काटा नाचवते, तिच्यावर कुणी विश्वास ठेवतं का? जीपीएस बघा आणि गप गाडी चालवा.

दोनचाकी: गिअरबॉक्सला कशाला बोल लावताय? माझ्या जुन्या बुलेटला ४ चा काढून ५ चा बसवला, मीटरला ढिम्म फरक नाही कारण तिची केबल पुढच्या चाकातून येते. मागचं स्प्रॉकेट बदला नाहीतर इंजिन बदला, काट्याला पत्ताच लागत नाही.

पाना_१३: बुलेटचं ठीक आहे, जीपचं वेगळं. तिची केबल ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्यातून निघते, गिअरबॉक्सच्या नंतर. चाकांकडे जाणारा शाफ्ट किती फिरला एवढंच ती मोजते, कितव्या गिअरमध्ये फिरला ते नाही. ट्रान्सफर जुनाच असेल तर नुसत्या डब्याने १० टक्के फरक पडणार नाही. दुसरं काय बदललंय ते सांगा आधी.

जुनीजीप: हां, पुढचं मागचं दोन्ही क्राऊन पिनियन (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या ते ठरवणारी दात्यांची जोडी) ५.३८ काढून ४.८८ चं टाकलं, हायवेला इंजिन ओरडायचं म्हणून. टायर तेच.

पाना_१३: मग झालं की! ५.३८ भागिले ४.८८ म्हणजे १.१०, ६० चे ६६ तिथून आले. शाफ्टच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक आता जास्त फिरतं. केबलच्या टोकाला छोटा पिनियन, म्हणजे दात्यांचं चाक असतं, समजा २० दात्यांचा असेल तर १८ चा टाका, काटा जागेवर येईल. मिळायला मात्र जुन्या बाजारात हिंडावं लागेल.

सातारी_डिझेल: एवढ्या उपद्व्यापापेक्षा मनात १० टक्के मिळवा ना भाऊ.

जुनीजीप: आणि किलोमीटरच्या आकड्यांचं काय? तेही १० टक्के कमीच पडतात. मीटरवर १२ चं अ‍ॅव्हरेज दिसतं ते खरं १३ च्या वर असतं, ऑइल बदलायचं ५००० ला ते प्रत्यक्षात ५५०० ला होतं. शिवाय मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर भाताणच्या बोगद्यात जीपीएस गुल, तिथं काय दगड मोजू?

सातारी_डिझेल: मोजा की, ६० ला एक किलोमीटर बरोबर ६० सेकंदांत जातो. आमचे आबा असंच तपासायचे.

पाना_१३: आबा बरोबरच होते, पण मीटर जास्त दाखवत असेल तर चालतं, कमी दाखवणारा घातक. युनोच्या ३९ नंबरच्या नियमातही काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही असंच आहे. तुमचा कमी दाखवतोय, म्हणजे चलान तुम्हालाच येणार. फक्त मिस्त्रीचे पैसे कापू नका, क्राऊन तुम्हीच मागितला होता ना?

जुनीजीप: मागितला मी, पण काटा चुकेल हे सांगायचं तोंड त्याला होतं की. निम्मे तरी कापणारच.