आरसी (रेझिन-कोटेड, म्हणजे प्लास्टिकचा लेप दिलेल्या) छापकागदावरील तडे: दोष नेमका कोणत्या थराचा?

प्रश्न: वडिलांनी १९७०च्या दशकात घरच्या डार्करूममध्ये आरसी कागदावर काढलेल्या कृष्णधवल प्रिंटवर, खिडकीकडे तिरकी धरून पाहिली असता, केसांसारखे बारीक तडे दिसतात. त्याच कपाटातील त्याहून जुन्या फायबर कागदाच्या (प्लास्टिकचा लेप नसलेल्या) प्रिंट मात्र शाबूत आहेत. असे का व्हावे?

उत्तर १: फायबर कागदात लगदा आणि प्रतिमा धारण करणारा जिलेटिनचा थर यांच्यामध्ये बेरियम सल्फेटचा, म्हणजे बरायटाचा थर असतो. आरसी कागदात मात्र कागदी गाभ्याच्या दोन्ही बाजूंना पॉलिएथिलीन हे प्लास्टिक असून वरच्या बाजूच्या थरात शुभ्रतेसाठी टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेले असते. प्रकाशात हेच रंगद्रव्य प्राणवायूला क्रियाशील करते, त्यामुळे पॉलिएथिलीन ठिसूळ होते आणि हवेतील दमटपणानुसार फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या जिलेटिनच्या ताणाने अखेर ते तडकते. काचेच्या बंद चौकटीत लावलेल्या प्रिंटना याचा त्रास अधिक होतो.

प्रश्नकर्ता: ही प्रिंट दिवाणखान्यात चौकटीतच होती! नंतरच्या कागदांत सुधारणा झाली का?

उत्तर २: झाली, आणि ती मोलाची होती. उत्पादकांनी ऑक्सिडीकरण रोखणारी स्थिरके कागदाच्या गाभ्यात घातली, जेणेकरून ती हळूहळू पॉलिएथिलीनमध्ये झिरपत राहतील. शिवाय जिलेटिन सुकताना कागद वर वळू नये म्हणून मागच्या बाजूला अधिक घनतेचे पॉलिएथिलीन वापरून ताण तोलला जातो. कापलेल्या कडा मात्र उघड्याच राहतात, त्यामुळे आरसी प्रिंट पाण्यात रेंगाळू देऊ नये. आपली प्रिंट आजच स्कॅन करून चौकटीबाहेर, अंधारात ठेवावी.