अनुभव धागा: रॉकगाण्यांतलं दुःख नेमकं कुठे ऐकू येतं?

गाण्यामागची कहाणी बहुतेकांना ठाऊक असते. ती सुरांत कुठे उतरली आहे, कुठल्या वाद्यात, आणि वाजवताना ती कशाने निसटते, हे जाणकारांनी इथे लिहावं.

*

'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड', १९७५. पिंक फ्लॉइडचा पहिला म्होरक्या सिड बॅरेट मानसिक अवस्था ढासळल्यामुळे १९६८ मध्ये बँडबाहेर पडला. हे गाणं त्याच्यावरचं. ५ जून १९७५ ला अ‍ॅबी रोड स्टुडिओत याच गाण्याचं काम चालू असताना तो अचानक आला. डोकं आणि भुवया भादरलेल्या, अंगाने सुटलेला. जुन्या सोबत्यांना तो आधी ओळखूच आला नाही.

सगळा डोलारा बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मरच्या चार स्वरांवर उभा आहे: बी फ्लॅट, एफ, जी, ई. जी ला सा धरा: कोमल ग, कोमल नी, सा, शुद्ध ध. मायनरमध्ये (उदास छटेच्या स्वरसप्तकात) कान कोमल धैवताची वाट बघतो आणि येतो शुद्ध. त्यामुळे ती ओळ मिटत नाही, अधांतरी राहते.

गिटारवर तिसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट (गिटारच्या मानेवरचं घर), दुसऱ्या तारेचा सहावा, मग तिसरी तार मोकळी, शेवटी चौथ्या तारेचा दुसरा. चूक हमखास एकच: बोट आडवं पडतं आणि मोकळी तार मुकी होते. शेवटचे तीन स्वर एकमेकांत घुमत राहायलाच हवेत.

*

वरच्याला जोडून, त्याच अल्बममधलं 'विश यू वेअर हिअर'. सुरुवातीची बारा तारांची गिटार मुद्दाम रेडिओतून आल्यासारखी ठेवली आहे. स्टेशन बदलताना त्चैकोव्स्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडाही निसटता ऐकू येतो. मग दुसरी गिटार स्वच्छ आवाजात शिरते, कुणीतरी खोलीत बसून रेडिओला साथ करावी तशी.

दोघांनी वाजवणार असाल तर पहिल्या गिटारचं साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३००० च्या वरचं इक्वलायझरवर (आवाजाचे जाड-बारीक थर कमीजास्त करणाऱ्या यंत्रावर) छाटा. नाही छाटलं तर दोन्ही गिटारी शेजारी येऊन बसतात. गाणं दुराव्याचं आहे, तो दुरावाच उरत नाही.

*

'टिअर्स इन हेवन'. २० मार्च १९९१ ला न्यूयॉर्कमध्ये ५३ व्या मजल्याच्या खिडकीतून पडून गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टनचा चार वर्षांचा मुलगा कॉनर गेला. गीतकार विल जेनिंग्जसोबत हे गाणं झालं.

इथे खर्ज, म्हणजे सगळ्यांत खालचा स्वर, नीट ऐका: ए, जी शार्प, एफ शार्प, ई, असा पायरीपायरीने उतरतो. खर्जात जी शार्प न ठेवता साधी ई कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरली की उतरण तिथेच तुटते. सगळ्या तारांवरून हात फिरवू नका. अंगठ्याने खर्ज आणि बोटांनी वरच्या तारा एकदम उचला, शक्यतो नायलॉनच्या तारांवर. मधल्या कडव्यात पट्टी ए वरून सी ला जाते. तिथे जोर लावायचा मोह होतो, तो आवरा. २००४ मध्ये क्लॅप्टनने हे गाणं वाजवणं थांबवलं, कारण तो वियोग आता तसा जाणवत नव्हता. पुढे काही वर्षांनी पुन्हा घेतलं.

*

क्वीन या बँडचं 'द शो मस्ट गो ऑन' राहून जाऊ नये. गिटारवादक ब्रायन मेने मुख्यतः लिहिलेलं, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या गायक फ्रेडी मर्क्युरीच्या आजारपणात. १४ ऑक्टोबर १९९१ ला सिंगल आलं, २४ नोव्हेंबरला फ्रेडी गेला. चाल बी मायनरमध्ये सुरू होते आणि एक पूर्ण स्वर वर, सी शार्प मायनरला चढते. मूळ पट्टीत गाणाऱ्यांचा दम तिथेच संपतो, म्हणून आधीच दोन-तीन सेमीटोन (अर्धे स्वर) खाली घ्या.